क्षमासागरांची माफी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत ज्यांना सगळे पाठीमागे क्षमासागर म्हणायचे, त्यांनी मला एकदा माफ केलं होतं. झालं होतं इतकंच, की गायनमंडळात त्यांचा एकट्याने गायचा भाग चालू असताना मला खोकला आला. मी तो दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी तो फुटलाच. घरी जाईपर्यंत मी ते विसरूनही गेले. पुढच्या रविवारी उपासना संपली, सगळे पायऱ्यांवर बोलत उभे होते, तेव्हा ते माझ्याजवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज इतका खाली आणला की आजूबाजूच्या सगळ्यांनी बोलणं थांबवून कान टवकारले.

"बाई, माझ्या मनात तुमच्याबद्दल आता काही नाही. मी ते प्रभूच्या पायाशी ठेवलं."

"काय ठेवलंत?" मी विचारलं.

"जाऊ द्या. झालं गेलं." एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि मंद हसले.

संध्याकाळपर्यंत, मी नेमकं काय केलं असेल यावर दोन-तीन घरांत बैठका झाल्या. खोकला कोणाच्याच डोक्यात आला नाही. त्यापेक्षा बऱ्याच रंगतदार गोष्टी आल्या.

ही त्यांची पद्धतच होती. त्यांच्याकडे विजेचं काम करायला येणारा वायरमन एकदा सांगितल्या दिवशी आला नाही, म्हणून त्यांनी त्याला त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत माफ केलं. वायरमन अजून तणतणतो. "शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या, मिटलं असतं. माफीला काय उत्तर देणार? गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मी यांचं घर जाळलंय!"

माणूस मात्र वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे कामं पाठवायचे आणि ओळखीचे लोक थेट यायचे. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना. दोन टेबलं, घासायची मोटर, मेण वितळवायचा दिवा, आणि भिंतीला लांबलचक फळी. तिच्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. अर्ध्या मंडळीचं हसू त्या खोलीत घडलं होतं. कवळी टोचते म्हणून कोणी आलं तर ते जेवण टाकून उठायचे, कानशीने जरासं घासायचे, बसवायचे, पुन्हा काढून घासायचे, कंटाळा म्हणून नाही. हिरडीवर केसाएवढा ओरखडा त्यांना सहन होत नसे. मनावरच्या ओरखड्यांबाबत मात्र हात जरा जड होता.

त्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला ताईच म्हणत. ताई शाळेचे गणवेश शिवायच्या. खाली यांची मोटर घरघरायची, वर त्यांचं शिलाई मशीन खडखडायचं, आणि या दोन आवाजांपलीकडे बहीण-भावात कित्येक वर्षं काही देवाणघेवाण नव्हती. ताई बोलायच्या त्या भावजयीशी. ही भावजय गायनमंडळात माझ्या शेजारी उभी राहते, म्हणून घरातलं मला हे सगळं ठाऊक.

"अगं, सांग तुझ्या नवऱ्याला, टाकी भरून वाहतेय," ताई जिन्यातून ओरडायच्या.

क्षमासागर जिन्याखालीच उभे असायचे. तरी बायकोने त्यांच्याकडे वळून म्हणायचं, "टाकी भरून वाहतेय."

"सांग तिला, ऐकलं."

"ऐकलंय म्हणताहेत."

टाकी तोवर वाहतच असायची.

या अबोल्याचं मूळ त्यांच्या आईच्या मरणात होतं. आई जवळच दुसऱ्या गल्लीत एका खोलीत एकटी राहायची. हट्टी बाई, मुलांकडे यायला तयार नव्हती. म्हणून दोघांनी दुपारच्या पाळ्या लावल्या होत्या, एक दिवस ताई, एक दिवस हे. एका दुपारी म्हातारी न्हाणीघराच्या दारात पडली आणि संध्याकाळी शेजारीण डोकावेपर्यंत तशीच पडून राहिली. मांडीचं हाड मोडलं होतं. काही आठवडे दवाखान्यात काढून ती गेली.

अंत्यविधीच्या उपासनेत दोन शब्द बोलायला क्षमासागर उभे राहिले. आईबद्दल चांगलं बोलले, लोकांचे डोळे ओले झाले, आणि तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं. पण रुमालाने डोळे टिपून ते म्हणाले, "त्या दुपारी ज्यांनी तिच्याजवळ असायला हवं होतं, ते नव्हते. आपण सगळी माणसंच आहोत. मी आज तुम्हा सगळ्यांच्या साक्षीनं माझ्या ताईला मनापासून क्षमा करतो."

ताई पहिल्या बाकावर होत्या. त्या उठल्या, मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या. लोकांना वाटलं, अपराधाचं ओझं. नंतर त्या देवळात यायच्या त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला, आणि शेवटच्या गीताला उठून निघून जायच्या. क्षमासागर त्यांच्याकडे प्रेमळ नजरेने बघायचे. ती नजर एकदा माझ्याकडेही आली होती. अंगावर काटा येतो.

ताईंचे वरचे दात गेले तेव्हा खाली कारखाना असताना त्या दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि कोणा भलत्याकडून कवळी करून आणली. ती इतकी सैल होती की 'स' म्हटलं की शीळ वाजायची. देवळात सगळे गायला लागले की मागच्या बाकावरून मधेच चिमणी बोलल्यासारखा आवाज यायचा, आणि पुढे गायनमंडळात क्षमासागरांचा चेहरा आवळून यायचा. बहिणीचा अबोला त्यांनी सोसला होता, पण ती कवळी त्यांच्याच्याने सोसवत नव्हती. जो कवळीवाला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता त्यालाही ते माफ करत होते, दर रविवारी.

मग आमच्याकडे नव्या पाळकबाई आल्या. वयाने लहान, बोलायला सरळ. आधीचे पाळक निवृत्तीची वाट बघत उपदेश करायचे, तेव्हा आम्हाला झोपेची सवय होती. या बाईंनी एका रविवारी समेटावर उपदेश केला आणि आम्ही जागे राहिलो. त्या म्हणाल्या, "वेदीपाशी दान घेऊन आलात आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभू सांगतो. नीट ऐका. तुमच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे, हे इथं विचारलेलंच नाही. त्याच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, ते विचारलंय. पुढच्या प्रभुभोजनाच्या आत प्रत्येकानं अशा एका माणसाकडे जाऊन यायचं."

मंडळी कामाला लागली. लोकांनी आधी सोपी माणसं शोधली. ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या मावशीची माफी मागितली. मावशीला ऐकू येत नाही, तिने त्यांना खाऊ दिला. कोपऱ्यावरच्या दोघी जावा एकमेकींकडे एकाच वेळी निघाल्या, रस्त्यात भेटल्या, आणि आधी कोणी माफी मागायची यावरून नव्याने भांडल्या. क्षमासागर मात्र या कामासाठीच जन्मले होते. इस्त्रीचा शर्ट घालून ते घरोघर हिंडू लागले.

वायरमनच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, "तुमच्या मनात माझ्याबद्दल काही आहे का?"

"आहे," वायरमन म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मला खाली बघायला लावलंत."

क्षमासागरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हा तुमचा गैरसमज आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही इतके दिवस मनात गैरसमज बाळगलात, त्याबद्दल मी तुम्हाला माफ करतो."

वायरमनच्या हातात तेव्हा पक्कड होती. त्याने ती खाली ठेवली, हे त्याचं मोठेपण.

माझ्याकडेही ते आले. चहा घेतला, प्रार्थना केली, प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हो, आहे. मला नुसता खोकला आला होता. लोकांना अजून वाटतं मी कोणाचा तरी संसार मोडलाय."

"बघा ना," ते हळहळले, "आणि मी एका शब्दानंही कोणाला काही सांगितलं नव्हतं."

सगळी घरं आटोपून ते पाळकबाईंकडे गेले. बाई अंगणात सायकलचं पंक्चर काढत होत्या. हे म्हणाले, "सगळ्यांकडे जाऊन आलो. कोणाच्या मनात काही उरलं नाही."

"आणि ताई?" बाईंनी ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत विचारलं.

"तिला मी तेव्हाच माफ केलंय. देवळात, सगळ्यांसमोर."

"त्यांनी तुम्हाला केलंय का?"

"मला? कशाबद्दल?"

"ते मला कसं माहीत असणार? त्यांना विचारा." बाईंना छिद्र सापडलं होतं, त्या कामाला लागल्या.

क्षमासागर घरी येऊन बायकोला म्हणाले, "चांगली आहे मुलगी, पण अजून कच्ची आहे." अर्थात त्यांनी बाईंनाही माफ केलं.

त्याच आठवड्यात ताईंची कवळी मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले. ताई दुसऱ्या टोकाच्या त्या माणसाकडे गेल्या, तर त्याने दुकान बंद करून गाव सोडलं होतं. ताई वर जाऊन बसल्या. तोंडाला पदर लावल्याशिवाय दार उघडेनात. दुधात बुडवलेल्या पावावर दिवस काढू लागल्या.

"ताई वाळत चालल्यात," भावजय नवऱ्याला म्हणाली. "आणि खाली तुम्ही दुसऱ्यांची तोंडं भरताय."

"मी कधी नाही म्हटलंय? तिनं यावं. माझं दार उघडं आहे."

भावजय वर गेली. बरीच समजूत घातली, जरा दरडावलंही. शेवटी ताई म्हणाल्या, "येते. पण सांग तुझ्या नवऱ्याला, काम तोंडाचं आहे, त्यानं स्वतःचं तोंड बंद ठेवायचं. एक शब्द नको."

"कबूल," क्षमासागर खालून परस्पर ओरडले.

ताई खाली आल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. फळीवरच्या जबड्यांकडे एकदा बघितलं आणि खुर्चीवर ताठ बसल्या. क्षमासागरांनी हात धुतले, गुलाबी लगदा कालवला, पत्र्याच्या साच्यात भरला, आणि "आ" असं नुसतं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. ताईंनी आ केला. साचा टाळूवर बसला. आता लगदा घट्ट होईपर्यंत बोटाने तो वर दाबून धरायचा, आणि तोवर समोरच्याला ना बोलता येतं ना हलता येतं.

एवढी वर्षं न बोललेली बहीण समोर बसलेली, तोंड लगद्याने भरलेलं, उत्तर द्यायची सोय नाही. दुसरा कोणी असता तरी त्याला मोह झाला असता. यांना तो झालाच. चार श्वास त्यांनी कसेबसे गप्प काढले.

"ताई," त्यांनी आवाज खाली आणला, "बघ, देवानंच कसं आपल्याला समोरासमोर बसवलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या दुपारचं माझ्या मनात काही नाही. मी तर तुला तेव्हाच क्षमा—"

ताईंचे वरचे दात गेले होते. खालचे त्यांचे स्वतःचे होते, आणि अगदी मजबूत.

क्षमासागरांची किंकाळी माझ्या घरापर्यंत आली नाही, पण समोरच्या किराणावाल्याने ऐकली. भावजय स्वयंपाकघरातून धावत आली तर नवरा बोट धरून नाचतोय आणि ताई तोंडातून साचा ओढून काढताहेत. लगदा ताणला, फाटला, ताईंच्या हनुवटीवर लोंबू लागला. तो त्यांनी पदराने पुसला, आणि कित्येक वर्षांत प्रथमच भावाशी थेट बोलल्या.

"माझं काय चुकलं होतं ते आधी सांग. मग कर क्षमा."

"रक्त आलंय, ताई!"

"येऊ दे. सांग. त्या दुपारी पाळी कोणाची होती?"

"माझी होती. पण मी तुला सांगितलं होतं, मला तालमीला जायचंय, आज तू जा. स्पर्धा होती ना आमची. मी सांगून गेलो होतो."

"कुठं सांगितलंस? कधी?"

"जाताना. जिन्यातून."

"माझं दार बंद होतं. मशीन चालू होतं, गणवेशांची घाई होती. तू जिन्यातून ओरडलास आणि गेलास. मी 'बरं' म्हटलं होतं का?"

"मला वाटलं तू ऐकलंस."

"वाटलं!" ताई म्हणाल्या. दात नसल्याने तो शब्द पसरून आला, पण बसला बरोबर. "तुला वाटलं. आणि तेवढ्यावर तू देवळात उभं राहून, आई समोर पेटीत असताना, सगळ्या जगाला सांगितलंस की मी तिला टाकलं."

"मी तसं म्हटलं नव्हतं. मी तर क्षमा..."

"अहो, बास आता," भावजय दारातून म्हणाली. "मी होते जिन्यात. तुम्ही वर बघून ओरडलात, आणि उत्तर यायच्या आत बाहेर पडलात. गाण्याची पुस्तकं काखेत होती. ताईंनी ऐकलं नव्हतं. मला कळत होतं की ऐकलं नसेल. मलाच जायला हवं होतं वर, पण मी गॅसवर दूध ठेवलं होतं."

क्षमासागर बायकोकडे वळले. "इतकी वर्षं तू हे बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मलाही माफ केलं असतं," ती म्हणाली. "रोज. जेवताना."

ताई वर निघून गेल्या. जाताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून एवढंच म्हणाल्या, "जिथं बोललास तिथं बोल. तोवर मी दूध पिऊन राहीन. दात तुझे तुलाच लखलाभ."

क्षमासागर बोटाला पट्टी बांधून पाळकबाईंकडे गेले. बहीण चावली, ही तक्रार दुसऱ्या कोणाकडे करायची हे त्यांना सुचेना. बाईंनी सगळं ऐकलं. हसू दाबायला त्या उठून खिडकीकडे गेल्या, आणि परत येऊन विचारलं, "ताई म्हणतात ते खरं आहे का?"

"तसं बघितलं तर..."

"तसं बघू नका. साधंच बघा."

त्यांनी बोटाची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "मी ओरडलो तेव्हा वरून मशीनचा आवाज येत होता. मला ऐकू येत होता. मला उशीर झाला होता." आणि मग, जवळजवळ रागाने, "आई पडली हे कळल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं माहीत आहे? मी ताईला सांगितलं होतं. आईचं काय झालं, ते नंतर आलं. आधी हे आलं."

"रविवारी उपासनेत तुम्हाला वेळ देते," बाई म्हणाल्या. "पण भाषण नको."

भाषण नको, हे त्यांना सांगणं म्हणजे पाण्याला ओलं होऊ नको म्हणण्यासारखं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला समोर बसवून तालीम केली. सुरुवात आईच्या संस्कारांपासून झाली. मग मंडळीतल्या त्यांच्या सेवेचा आढावा. मग, मनुष्य किती दुबळा आहे. मग, एक खरा विश्वासी आपली चूक कबूल करायला कसा लाजत नाही. चूक अजून यायची होती.

"सेवा काढा," बायको म्हणाली.

दुसऱ्या खेपेला सेवा गेली, पण 'परिस्थितीच अशी होती' आलं. बायकोने ते काढलं. तिसऱ्या खेपेला 'नकळत' आलं. तेही काढलं. 'गैरसमज' तीन ठिकाणी होता, तिन्ही गेले. रात्रीच्या जेवणाआधी चार वाक्यं उरली आणि क्षमासागर घामाघूम झाले. "हे फारच उघडं वाटतंय गं," ते म्हणाले. "अंगावर काही घातलंच नाही असं."

"असू दे तसंच."

रविवारी देऊळ नेहमीपेक्षा भरलेलं होतं. किराणावाल्याने बोटाची बातमी पसरवली होती. ताई शेवटच्या बाकावर, तोंडाला पदर. पाळकबाईंनी खूण केली तसे क्षमासागर उठून पुढे गेले. सवयीने त्यांनी आवाज खाली आणला, तर मागून कोणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही." तेव्हा त्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

"आई पडली त्या दुपारी पाळी माझी होती. मी गाण्याच्या तालमीला गेलो, आणि ताईला नीट सांगितलंही नाही. मग याच जागी उभं राहून मी दोष तिच्यावर टाकला, आणि त्याला क्षमा म्हटलं. ताई, माझं चुकलं."

मग ते तिथेच उभे राहिले. पुढे काही पाठ केलेलंच नव्हतं. कोणी हुंदका दिला नाही, ऑर्गन वाजला नाही. खरं सांगायचं तर आमची जरा निराशाच झाली. इतकी वर्षं ताईंबद्दल आम्ही जे काही मनात आणि बाहेर बोललो होतो, ते सगळं एकदम आमच्याच अंगावर आलं, आणि त्याचं काय करायचं हे कोणालाच कळेना. लोक मान वळवून मागे बघू लागले. ताई पुढे बघत होत्या. शेवटचं गीत झालं, आणि त्या दिवशी त्या मधेच उठून गेल्या नाहीत.

पायऱ्यांवर मात्र मंडळीला वाचा फुटली. निवृत्त पोस्टमास्तर पुढे आले, क्षमासागरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या मनात काही नाही हो. आम्ही माफ केलं." दोघी जावांनी मिळून माफ केलं. ऑर्गनवाल्यांनी माफ केलं, वर त्यांच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. वायरमनने तर खास रस्ता ओलांडून, चार माणसं जमेपर्यंत थांबून, अगदी हळू आवाजात माफ केलं. त्याचा चेहरा इतका समाधानी मी कधी पाहिला नव्हता. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनीही रांगेत उभं राहून माफ केलं. क्षमासागर प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होते, आणि हळूहळू त्यांचे कान लाल होत गेले.

घरी आल्यावर ते बूट न काढता खुर्चीत बसले. "मी असंच करायचो?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही डोळेही मिटायचात."

ताई दुसऱ्या दिवशी खाली आल्या. भावजयीकडे निरोप न देता, सरळ कारखान्यात. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "घे माप."

"ताई, तू मला माफ केलंस?"

"ते मला नीटसं माहीत नाही अजून. काल ऐकलं तेव्हा बरं वाटलं. सकाळी उठले तेव्हा पुन्हा राग आला. मग विचार केला, रागात दात तरी असावेत. घे."

त्यांनी माप घेतलं. या वेळी गप्प राहिले, पट्टी बांधलेलं बोट मात्र जरा जपूनच आत घातलं. कवळीवर त्यांनी आठवडाभर काम केलं. बसवली, घासली, पुन्हा बसवली. ताईंना 'सस्यश्यामल', 'शिस्त', 'सासूचा सल्ला' असे शब्द म्हणायला लावले. शीळ गेली. ताईंनी आरशात बघून फक्त "जमलंय" म्हटलं, आणि हे मात्र फुलून गेले.

एका उपदेशाने माणूस पालटतो असं मला कोणी सांगितलं तर मी हसते. पुढच्याच महिन्यात गायनमंडळात कोणीतरी चुकीच्या जागी सूर लावला, तेव्हा क्षमासागरांचा हात त्याच्या खांद्याच्या दिशेने निघालेला मी पाहिला आहे. वाटेतच त्यांनी तो वळवून स्वतःचा कान खाजवला. टाकीवरून बहीण-भाऊ अजून भांडतात, फक्त आता थेट भांडतात, आणि त्यामुळे टाकी लवकर बंद होते.

मग एका संध्याकाळी ताई शिवण आटोपून खाली आल्या. हे मेणाचा दिवा विझवत होते. ताई स्टूल ओढून बसल्या, बराच वेळ बोटाला लागलेले दोऱ्याचे तुकडे काढत राहिल्या.

"एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "आई दवाखान्यात होती तेव्हाचं. तू रात्री असायचास, मी दिवसा. तिला ठाऊक होतं तू त्या दुपारी कुठं होतास ते. पडल्यावर शुद्धीत आली तेव्हा तिनं मला पहिलं काय विचारलं असेल? 'त्याचं गाणं कसं झालं?' मी म्हटलं, चांगलं झालं. म्हणाली, 'त्याला सांगू नको मी हाका मारत होते, नाहीतर गायचं सोडेल.'"

क्षमासागर उभेच होते. 

"हे मी तुला तेव्हाच सांगणार होते," ताई म्हणाल्या. "मग तू देवळात ते बोललास. मी ठरवलं, नाही सांगायचं. मुद्दाम. तू कळवळतोस हे मला दिसत होतं, कितीही मोठेपणाचा आव आणलास तरी. तरी नाही सांगितलं. एवढी वर्षं आईचं बोलणं अडवून ठेवलं मी. ते माझं चुकलं. तुझ्या मनात येईल ते बोल आता."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात होती. ती मला म्हणाली की ती मधे पडायच्या तयारीत होती. नवऱ्याची जीभ तिला माहीत होती. इतकी सोन्यासारखी संधी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

पण ते काही बोललेच नाहीत. रडले, तेही वेडेवाकडे, नाक ओढत, प्लास्टरने माखलेल्या हाताने तोंड पुसत. तोंड सगळं पांढरं झालं. मग दुसरं स्टूल ओढून ताईंच्या समोर बसले.

"आणखी काय म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"कोण, आई? बरंच बोलायची. नर्सच्या चपलांबद्दल बोलायची. तुझ्या लहानपणच्या गोवराबद्दल."

"सगळं सांग."

ताई सांगू लागल्या. भावजयीने जेवायला दोनदा हाक मारली. कोणी उठेना, तेव्हा तिने गॅस बंद केला आणि तीही येऊन बसली.